‘अतिदुर्मिळ मधाळ टिंट’ विकणाऱ्या महाशयांना

श्रीयुत काचबदलू महाशय,



तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरात होईल, आणि जाहिरातीवाचून तुमचं काही अडत नाही हे तुमच्या दरांवरून दिसतंच. शिवाय तुमचे धंदेबंधूही पुष्कळ आहेत. हे पत्र आपल्यालाच आहे असं त्यांतल्या प्रत्येकाला वाटलं, तर माझे पोस्टाचे पैसे वाचतील.

आधी अभिनंदन. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी १८५३ साली बॉश अँड लॉम्ब ही कंपनी सुरू झाली. काच वितळवण्यात आणि घासण्यात तिथल्या पिढ्या खपल्या. १९३७ मध्ये त्यांनी रे-बॅन हे नाव बाजारात आणलं, १९५३ मध्ये जी-१५ ही करडी-हिरवी काच आणली, १९७८ मध्ये अँबरमॅटिक. एकेका टिंटसाठी त्यांना वर्षं मोजावी लागली. तुम्ही मात्र पिवळ्या बल्बखाली एक गॉगल ठेवलात, वरून मोबाईल धरलात आणि एका संध्याकाळीत ‘अतिदुर्मिळ मधाळ टिंट’ जन्माला घातलात. भट्टी नको, रसायनं नकोत, प्रयोगशाळा नको. चाळीस वॉटचा एक बल्ब पुरला.

फोटोत गॉगलमागची भिंतही मधाळ आहे, हे मात्र तुमच्या नजरेतून सुटलं असावं. चुन्याची पांढरी भिंत मधाळ, तिच्यावरचं कॅलेंडर मधाळ, कोपऱ्यातला लाइटचा पांढरा बोर्डसुद्धा मधाळ. मग भिंतीची किंमत का लावली नाहीत? ती गॉगलपेक्षा मोठी आहे आणि नक्कीच जास्त जुनी आहे.

ही जोडी सध्या माझ्याकडे आहे. मी ती डोळे उघडे ठेवून, नमुना म्हणून विकत घेतली. माझ्या संग्रहात खऱ्या काचांचा एक कप्पा आहे. तुमच्या कर्तृत्वालाही स्वतंत्र कप्पा हवाच होता. उत्तरेकडच्या खिडकीत, ढगाळ दुपारी, पांढऱ्या कागदावर ती ठेवली तेव्हा मध पार आटला. उरला एक मळकट हिरवा रंग. आणि ज्याच्यात तो रंग होता ती काचही नव्हती. पण त्याकडे येण्याआधी तुमचा इतिहास तपासू, कारण तोही तुम्ही किमतीत धरला आहे.

जाहिरातीत तुम्ही लिहिता: ‘दुसऱ्या महायुद्धातला ओरिजिनल पायलट पीस, जनरल मॅकआर्थर मॉडेल.’ ऑक्टोबर १९४४ मध्ये मॅकआर्थर फिलिपाइन्सच्या लेटे बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत आले, तेव्हा डोळ्यांवर गॉगल होता. तो फोटो जगाने पाहिला आहे. आता तुमचा पीस. उजव्या काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव छापलेलं आहे. काचेवर असं नाव मिरवायची पद्धत ऐंशीच्या दशकातली. काडीच्या आतल्या बाजूला ‘आरबी ३०२५’ हा क्रमांक आहे. तो त्याहून अलीकडचा: १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बने गॉगलचा सगळा धंदा ६४ कोटी डॉलरना इटलीच्या लक्झोटिकाला विकला, त्यानंतरच्या काळातला. शेजारी ‘सीई’ हे युरोपचं चिन्हही आहे. म्हणजे मॅकआर्थरसाहेब लेटेच्या पाण्यात उतरले ते निदान अर्धशतक पुढचा गॉगल लावून. इतकं दूरचं पाहणारा सेनापती अमेरिकेला पुन्हा मिळाला नाही.

असो. इतिहासात तुम्ही कच्चे आहात असं धरून चालू. विज्ञानाकडे वळू.

गॉगलच्या काचेला रंग तीन ठिकाणी असू शकतो: काचेच्या अंगात, काचेच्या कातडीत, किंवा काचेवर चढवलेल्या लेपात. संग्राहक एवढा वेळ काचा हातात फिरवत बसतात ते हा रंग नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी. जी-१५ चा रंग अंगातला. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची ऑक्साइडं मिसळतात, म्हणून कडेने पाहिलं तरी काच आरपार हिरवी दिसते. नावातला १५ म्हणजे दिसणाऱ्या उजेडातला साधारण १५ टक्केच डोळ्यापर्यंत पोचतो. खरी करामत त्या कपातीच्या समतोलात आहे. सगळे रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात कापले जातात, हिरव्याकडे किंचित झुकतं माप. म्हणून जी-१५ लावून बाहेर पडल्यावर सिग्नलचा लाल लालच राहतो आणि चार मिनिटांनी आपण गॉगल लावला आहे हे विसरायला होतं. तिच्या आधीची आरबी-३ जास्त हिरवी आणि जास्त उजेड सोडणारी. बी-१५ तपकिरी. कॅलिक्रोम पिवळीधमक: धुकट हवेतला निळा उजेड गाळून कडा धारदार करणारी, म्हणून नेमबाजांची लाडकी. या काचा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात जो आनंद आहे तो तुम्हाला कधी मिळाला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तुमच्यासाठी त्या ‘हिरवी’, ‘ब्राऊन’, ‘पिवळी’ आणि ‘रेअर’ एवढ्याच.

तुमच्या मधाळ जोडीतला रंग कातडीतला निघाला. म्हणजे ते सीआर-३९ नावाचं प्लास्टिक, गरम रंगाच्या पाण्यात बुडवून काढलेलं. सीआर-३९ वाईट नाही, गैरसमज नको. १९४० च्या सुमाराचा हा अमेरिकन शोध, आणि आज जगात असंख्य लोक त्यातून वर्तमानपत्र वाचतात. पण त्याची घनता १.३२ आणि चष्म्याच्या काचेची साधारण २.५. त्यामुळे तुमचा ‘ओरिजिनल ग्लास पीस’ हातात घेतला तेव्हा आधी वाटलं, डबी रिकामीच आली. गालाला लावला तर गार लागला नाही. नखाने टिचकी मारली तर टिणकन वाजायच्या ऐवजी टपकन वाजला. स्क्रू सैल करून कड पाहिली, तर हिरवा थर वरवर आणि आत पांढरं अंग. बुडवताना वेळ थोडा कमी पडलेला दिसतो. डावी काच उजवीपेक्षा फिकट आहे. तुमच्या जाहिरातीत हाच फरक ‘युद्धकाळातील हस्तकलेमुळे आलेले वेगळेपण’ म्हणून छापलेला आहे. या वाक्यासाठी मी तुम्हाला वेगळे पैसे द्यायला तयार होतो.

खऱ्या काचांमध्येही फरक असतात, आणि ते तुमच्या कल्पनेपेक्षा फार सुंदर असतात. जी-१५ च्या दोन अस्सल काचा शेजारी ठेवा, त्याही तंतोतंत जुळतील असं नाही. भट्टीच्या प्रत्येक खेपेत रंग केसभर इकडे-तिकडे होतो. त्याहून मोठा फरक जाडीचा. अंगात रंग असलेली काच जितकी जाड तितकी गडद, आणि हे प्रमाण सरळ नसतं. दोन मिलिमीटर जाडीची काच १५ टक्के उजेड सोडत असेल, तर तीच काच दीड मिलिमीटरची केल्यावर सुमारे २४ टक्के सोडेल. अर्ध्या मिलिमीटरने काचेचा स्वभाव बदलतो. युरोपच्या प्रमाणात ८ ते १८ टक्के उजेड सोडणारी काच तिसऱ्या वर्गात येते, १८ ते ४३ वाली दुसऱ्या. म्हणजे जाडीतला तेवढा फरक काचेला वर्गसुद्धा बदलायला लावतो. म्हणून जाणकार माणूस ‘ही जरा फिकट आहे’ असं म्हणून थांबत नाही, खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढतो. तुम्ही तो पाहिलात तेव्हा विचारलंत, ‘सोनार आहात का?’

उजेडाबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण तुमचा सगळा धंदा त्यावर चालतो. दोन काचा एका उजेडात जुळ्या दिसू शकतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. आपला डोळा रंगाची फक्त बेरीज पाहतो; कुठल्या तरंगलांबीचा किती उजेड काचेतून गेला, हा तपशील त्याला दिसत नाही. तारेच्या बल्बमध्ये लाल-पिवळ्याची रेलचेल, निळ्याचा दुष्काळ. ट्यूबलाइटच्या उजेडात काही ठरावीक रंगांचे उंच सुळके आणि मधे खड्डे. दोन काचांमधला नेमका फरक त्या खड्ड्यात पडला तर तो दिसणारच नाही. त्यावर मोबाईलचा कॅमेरा स्वतःच्या अकलेने पांढरा रंग ठरवतो आणि चित्राला आणखी एक रंग फासतो. म्हणून चोरबाजारात मटन स्ट्रीटवर काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, ज्याला कळतं तो माणूस गॉगल हातात घेतला की आधी ताडपत्रीबाहेर येतो आणि आभाळाकडे धरतो. तुमच्या दुकानात बाहेर यायला परवानगी नाही. ‘आतच बघा साहेब, माल चोरीला जातो.’

आता अँबरमॅटिक. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती तुमच्याकडून घेतली, आणि ते अजून खुशीत आहेत, म्हणून त्यांना हे पत्र दाखवणार नाही. तुम्हाला मात्र सांगतो.

उन्हात काळवंडणारी काच १९६० च्या दशकात कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी आणि विल्यम आर्मिस्टेड यांनी सिद्ध केली. काचेच्या अंगात चांदीच्या संयुगांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अतिनील किरण पडले की चांदी सुटी होते आणि काच गडद होते. किरण थांबले की चांदी पुन्हा बांधली जाते आणि काच निवळते. यात ऊन आणि उष्णता यांची रस्सीखेच चालते. ऊन काच काळी करतं, उष्णता ती निवळवत राहते. त्यामुळे महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या सकाळी जी काच झकास गडद होते, ती चंद्रपूरच्या मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हा, अर्धवटच काळवंडते. मोटारीत बसलं की समोरची काच बरेचसे अतिनील किरण अडवते, म्हणून तिथेही ती हिरमुसली असते. आपल्याकडच्या चष्मेवाल्यांकडे हीच काच फोटोसन, फोटोग्रे, फोटोब्राऊन अशा नावांनी वर्षानुवर्षं विकली गेली. अनेकांच्या वडिलांचे लग्नाच्या अल्बममधले डोळे तिच्यामुळेच दिसत नाहीत.

अँबरमॅटिक त्याच कुळातली, पण तिचं अंगच मुळात अंबर रंगाचं. ढगाळ हवेत ती पिवळसर राहते, उबदार उन्हात तपकिरी होते आणि कडक थंडीतल्या उन्हात करड्याकडे झुकत गडद होते. थोडक्यात, ती कितीही निवळली तरी पिवळेपणा सोडत नाही. आमच्या गृहस्थांची जोडी मी एक रात्र कपाटात ठेवायला मागून घेतली. सकाळी कपाट उघडलं तर ती जवळजवळ पांढरी, नावापुरती तपकिरी छटा. पेठेतल्या कुठल्याही चष्मेवाल्याकडे मिळणारी फोटोब्राऊन, एव्हिएटरच्या साच्यात कापून बसवलेली. तुम्ही तिचा फोटो भर दुपारी गच्चीवर काढला होतात, आणि गिऱ्हाइकाला बोलावलंत तेही दुपारीच. वेळ साधण्याचं हे कसब दुसऱ्या कुठल्या धंद्यात वापरलं असतंत तर आज तुमचा पुतळा असता.

लेपाकडे येतो, कारण तिथे तुमचा गुन्हा नुसत्या लबाडीचा राहत नाही.

बाजारात ज्याला ‘मर्क्युरी’ म्हणतात तो आरशासारखा लेप, त्यात पारा औषधालाही नसतो. निर्वात पेटीत धातूची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर काचेवर बसवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी या लेपाचा एक हुशार प्रकार निघाला: वरच्या बाजूला दाट आरसा आणि खाली येता येता विरत गेलेला. आभाळाची चमक वर अडावी आणि समोरची यंत्रांची काटेघड्याळं खालच्या मोकळ्या काचेतून स्वच्छ दिसावीत, हा उद्देश. पुढे वर आणि खाली दोन्हीकडे आरसा आणि मधे मोकळी पट्टी असाही प्रकार आला. बर्फावरून, पाण्यावरून खालून येणाऱ्या चमकेसाठी. रे-बॅनच्या जुन्या आउटडोअर्समन गॉगलमध्ये असा विरता आरसा सापडला की संग्राहक चहा विसरतो. त्या विरण्याची चाल दोन्ही काचांत जुळते का, आरसा कुठे संपतो, कडेला झिजलाय का, यावर अर्धा दिवस जातो.

तुमच्याकडे अशी एक जोडी आली होती. ती मी स्वतः पाहिली होती. आरशावर दोन बारीक ओरखडे होते, बाकी माल सुरेख. पुढच्या वेळी आलो तेव्हा तुम्ही अभिमानाने म्हणालात, ‘साफ करून ठेवली साहेब, एकदम क्लिअर!’ टूथपेस्ट होती की काच घासायचं सेरियम ऑक्साइड, ते तुम्ही सांगितलं नाहीत. ओरखडे गेले, हे कबूल. आरसाही गेला. असा लेप काही शेकडे नॅनोमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो. केसाची जाडी त्याच्या शेकडो पट. त्याला घासून ‘साफ’ करता येत नाही, फक्त नाहीसा करता येतो. आणि तरीही तुमचं समाधान झालं नाही. डाव्या काचेच्या वरच्या कडेला आरशाचा नखाएवढा तुकडा राहिला होता, त्याला तुम्ही जाहिरातीत ‘सेमी-मिरर, फॅक्टरी एरर, वन ऑफ वन’ म्हणालात. शेवटचे शब्द खरे आहेत. अशी जोडी जगात दुसरी नसेल. पण तिच्यातली चूक कारखान्याची नव्हती.

रंगीत लेपांच्या बाबतीत तुमचं ज्ञान आणखी थोर आहे. ओकली ही कंपनी जिम जॅनर्ड यांनी १९७५ मध्ये सुरू केली. तिच्या ‘इरिडियम’ काचांचे वेडे जगभर आहेत. १९९९ मधली ज्युलिएट, तिच्या आधीची रोमियो, या धातूच्या फ्रेमांतल्या मूळ काचा आता मिळणं कठीण. त्या काचांचा खेळ दुहेरी असतो. वरून दिसतो तो लेपाचा परावर्तित रंग, आणि डोळ्याला मिळतो तो खालच्या अंगाचा टिंट. वरून सारख्याच नारिंगी-लाल दिसणाऱ्या दोन काचा आतून एक करडी आणि एक तांबूस असू शकते. त्या दोन वेगळ्या काचा आहेत. लेपाचा रंग रंगद्रव्याचा नसतोच. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगात जे रंग फिरतात, त्यांचंच हे शिस्तीतलं भावंड: थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींना भिडतात, काही रंग उठतात, काही मरतात. थर काही नॅनोमीटर जाड-पातळ झाला की रंग सरकतो. म्हणूनच एकाच नावाच्या दोन खेपा नेमक्या जुळत नाहीत, आणि एकाच वक्र काचेच्या मध्यात आणि कडेला छटा निराळी दिसू शकते. काच तिरकी केली की रंग निळ्याच्या दिशेने सरकतो, तो भौतिकशास्त्राचा नियम आहे, ‘हिडन ब्लू एडिशन’ नव्हे. तुम्ही एकाच गॉगलचे समोरून एक आणि तिरका एक असे दोन फोटो काढलेत आणि त्याची दोन किमतींना जाहिरात केलीत. दोघांनी पैसे पाठवले असते तर गॉगल मधोमध कापला असतात का, हे जाणून घ्यायला आवडेल.

अक्षरांचा विषय राहिला. बॉश अँड लॉम्बच्या बऱ्याच काचांवर बिजागरीजवळच्या कडेला ‘बी-एल’ ही दोन चिमुकली अक्षरं कोरलेली असतात. सगळ्या काळांतल्या काचांवर ती नसतात, आणि नुसती ती असली म्हणून काच त्याच फ्रेममधली ठरत नाही. पण असली की मन थोडं निवांत होतं. ती सहज दिसत नाहीत. काच तिरकी धरावी लागते, किंवा तिच्यावर श्वास टाकावा लागतो, की वाफेत अक्षरं उमटतात. तुमच्या मधाळ जोडीवर श्वास टाकायची गरजच नव्हती. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालतात त्या यंत्राने तुम्ही ती कोरली आहेत, हातभर अंतरावरून वाचता येतील एवढी. डाव्या काचेवर ‘बी-एल’ आणि उजव्यावर ‘एल-बी’. आरशातून पाहून कोरलीत का? की उजव्या डोळ्याचे मालक लॉम्बसाहेब होते?

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने लिहायलाच हवी. तुमच्या ‘लोकल माल’ लिहिलेल्या पेटीत अमेरिकन ऑप्टिकल कंपनीची ‘ओरिजिनल पायलट’ या मॉडेलची जोडी होती. चौकोनी वळणाची, खरी काच, फ्रेमवर ठसा स्पष्ट. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर याच बनावटीचे गॉगल घेऊन चंद्राच्या वाटेवर गेले. तुम्ही म्हणालात, ‘डुप्लिकेट रे-बॅन आहे साहेब, शंभराला घेऊन जा.’ या कंपनीची कॅलोबार नावाची हिरवी काच स्वतंत्र परंपरेतली. हिरव्या काचांवर एकट्या रे-बॅनचा हक्क कधीच नव्हता. त्याच्याही मागे गेलं तर १९१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्रुक्स काचभट्टीवर काम करणाऱ्या मजुरांना मोतीबिंदू का होतो याच्या मागे लागले होते आणि घातक किरण गाळणारी काच शोधत होते. क्रुक्स हे नाव आपल्या जुन्या चष्मेवाल्यांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षं होतं. हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. शंभर रुपये दिले, पावती मागितली नाही. आपल्यातला तेवढाच एक व्यवहार असा, की ज्यात तुम्ही गिऱ्हाइकाचा फायदा केलात, तोही त्याला फसवलं नाही म्हणून नव्हे, तर तुम्हाला कळलं नाही म्हणून.

थट्टा थोडी बाजूला ठेवतो. गॉगल डोळ्यापासून बोटभर अंतरावर असतो. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नियम आहे की चष्म्याच्या काचेवर सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून टाकली तरी काच फुटता कामा नये. त्यासाठी काच उष्णतेने किंवा रासायनिक पद्धतीने कणखर करतात. उष्णतेने केलेली असली तर दोन पोलराइज्ड काचांमध्ये धरल्यावर तिच्यात फुलीसारखी काळी आकृती दिसते. रासायनिक पद्धतीने केलेलीत ती दिसत नाही, त्यामुळे आकृती नसली म्हणजे काच कच्चीच असं म्हणता येत नाही. पण तुम्ही ज्यांच्याकडून काचा कापून आणता, त्यांना मी विचारलं आहे. ते म्हणाले, ‘टेंपरिंग? शोपीससाठी पाहिजे म्हणाले होते.’ तुमचं गिऱ्हाईक तो शोपीस लावून मुंबई-पुणे रस्त्यावर मोटरसायकल चालवतं. आणि स्वस्त प्लास्टिकच्या गडद तुकड्यांबद्दल: गडदपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा काही संबंध नाही. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. तुकडा अतिनील अडवत नसेल तर ते किरण जास्त आत जातात. त्यापेक्षा गॉगलशिवाय, डोळे किलकिले करून चाललेलं बरं.

पण माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे.

हे जुने गॉगल आपल्याकडे आले कसे? काही बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या ट्रंकेतून आले. काही रत्नागिरी-रायगडच्या घरांत आखातातून, अत्तराच्या बाटल्या आणि टेपरेकॉर्डर यांच्यासोबत आले. काही बंदरावरून, कस्टमला न भेटता आले. नव्वदच्या दशकात बॉश अँड लॉम्बने राजस्थानात भिवाडीला कारखाना काढला आणि रे-बॅन इथेच बनू लागला, तेव्हा काही सरळ दुकानातून आले. तुम्ही भिवाडीच्या काळातल्या मालालाही ‘अमेरिकन’ म्हणता, कारण राजस्थान तुम्हाला पुरेसं दूर वाटत नाही. पण प्रत्येक जोडीत जी मूळ काच होती, तिच्यावर त्या काळाची नोंद होती: कुठल्या छटेची, किती जाडीची, लेप कसा विरलेला, अक्षरं कुठे. ओरखडे असले तरी नोंद वाचता येते. तुम्ही ओरखडे पाहिलेत, काच काढलीत, नवी बसवलीत. फ्रेम चकचकीत झाली आणि पुरावा गेला. उद्या एखाद्याने १९७० च्या दशकातल्या जी-१५ ची छटा आपल्याकडे नेमकी काय होती हे जुळवायला घेतलं, तर त्याच्या हाती तुमच्या बुडवलेल्या प्लास्टिकची छटा लागेल. नकली माल विकणारे जगात पुष्कळ आहेत. ते निदान खऱ्याला हात लावत नाहीत. तुम्ही खऱ्यातून खरं काढून टाकता.

तेव्हा माझ्या मागण्या. पैसे परत नकोत. तुमचा कप्पा मी सांभाळणार आहे. यापुढे फोटो काढाल तेव्हा दिवसाउजेडी, सावलीत, पांढऱ्या कागदावर काढा. शेजारी ओळखीची एक काच ठेवा, म्हणजे तुलना होईल. एक फोटो उजेडाकडे धरून, एक परावर्तनाचा, आणि दोन्ही काचांना कोन एकच. बदललेली काच असेल तर ‘काच बदललेली’ असं लिहा. गिऱ्हाईक पळणार नाही. अनेकांना फ्रेमच हवी असते आणि नव्या, सुरक्षित, कणखर काचेला त्यांची हरकत नसते. टूथपेस्ट दातांना लावा.

आणि त्या काढलेल्या काचा. तुमच्या टेबलाखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. स्क्रू शोधताना तुम्ही तो उघडलात, तेव्हा मी आत डोकावलो होतो. हिरव्या, तपकिरी, एक पिवळी, निदान एक विरत्या आरशाची. तुम्ही म्हणालात, ‘भंगार आहे, फेकायचंय.’ फेकू नका. किलोच्या भावाने म्हणा, नगाच्या भावाने म्हणा, डबा जसा आहे तसा मला विका. ओरखड्यांसकट.

कळावे.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. : पाठवण्याआधी डब्यातल्या काचा एकमेकींवर घासणार नाहीत असं बघा, प्रत्येकीला वेगळं सुती कापड गुंडाळा. आणि कृपा करून पुसू नका.